ठंड्या कमऱ्यातल्या पंचशीला मॅडम

इंदूरच्या त्या शाळेत एखाद्या पोरानं बाक उलटा केला, पुढच्याच्या पाठीत कंपास खुपसला, किंवा भर तासाला सरांना "जा रिया हूँ मैं" असं सांगून बूट आपटत निघून गेलं, की त्याची रवानगी वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत व्हायची. खोलीवर इंग्रजीत लांबलचक पाटी होती. ती लावल्यापासून कुणी पूर्ण वाचल्याचं ऐकिवात नाही. पोरांनी खोलीला नाव ठेवलं ठंडा कमरा. तापलेली डोकी तिथं थंड होतात म्हणून ठंडा. एरवी वर नुसती गच्ची, आणि एप्रिलमध्ये त्या खोलीत खुशाल पापड वाळवावेत.

या खोलीच्या कारभारी पंचशीला मॅडम. चण बारकी, वय पन्नाशीला टेकलेलं, कपाळावर एक पांढरी बट, आणि आवाज थेट परेडच्या मैदानावरचा. तो त्यांना वारशानं आला होता. आजोबा फौजेत, वडील फौजेत, घर महूला छावणीच्या कडेला. त्या घरात "ताट वाढलंय" हेसुद्धा हुकूम सोडल्यासारखं सांगत. पोरीनं शिकून मोठं साहेब व्हावं अशी वडिलांची फार इच्छा. पोरगी शिकली, पण साहेब काही झाली नाही, मास्तरीण झाली. वडील म्हणाले, चालेल, हुकूम तर देते.

बरीच वर्षं त्यांनी सातवी-आठवीला इतिहास-भूगोल शिकवला. त्या काळातच त्यांना एक खोड लागली. वर्गाबाहेर काढलेली पोरं जिन्यात उभी असत. मॅडम मोकळ्या तासाला जाऊन त्यांच्याजवळ पायरीवर बसत. बोलत काहीच नसत. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढायच्या, सोलायच्या आणि दाणे पोराच्या हातावर ठेवायचे. बाकीच्या शिक्षकांना हे मुळीच पसंत नव्हतं. शिक्षा झाली की खाऊ मिळतो असं कळलं तर उद्या अख्खा वर्ग जिन्यात येऊन उभा राहील, असं ते म्हणत. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं.

पुढे नव्या प्राचार्य मॅडम कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि ज्या मुलांचं वर्गात जमत नाही त्यांच्यासाठी शाळेत वेगळा विभाग हवा, हे त्यांच्या मनानं घेतलं. स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, हा विभाग सांभाळणार कोण? सगळे पंख्याकडे बघायला लागले. त्या पंख्यात त्या दिवशी एवढं काय होतं कोण जाणे. पंचशीला मॅडमनी हात वर केला.

विभाग निघाला, पण रीत जिन्यातलीच राहिली. शेंगा आता सियागंजाच्या घाऊक बाजारातून पोत्यानं यायला लागल्या. खोलीत आलेल्या पोराला कुणी काही विचारायचं नाही. का आलास, काय केलंस, लाज वाटत नाही का, यातलं एक अक्षर नाही. त्याच्यासमोर सूप ठेवायचं, त्यात शेंगा. पोरगं आधी फुरंगटून बसतं, मग एखादी शेंग फोडतं, मग दुसरी, आणि हात चालू लागले की जीभ आपोआप सैल होते. बाप दारू पितो ते शेंगा सोलताना निघतं, आणि फळ्यावरची अक्षरं नाचतात तेही शेंगा सोलतानाच निघतं. मग मॅडम डोळ्यांच्या डॉक्टरांपासून पोराच्या काकापर्यंत जो लागेल त्याला गाठत. पोर जरा सावरलं की रोज एक तास वर्गात, मग दोन तास, मग अर्धा दिवस, असं करत ते खाली आपल्या वर्गात रुजायचं.

प्राचार्य मॅडम एकदा बघायला आल्या आणि टरफलांचा ढीग पाहून म्हणाल्या, "पंचशीलाजी, ये स्कूल है या सियागंज का गोदाम?"

"मॅडमजी, गोदामात माल पडून राहतो," पंचशीला मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडचा जातो."

आणि खरंच जायचा. तो जाण्यासाठीच मॅडमनी एक नियम केला होता आणि तो त्या कडकडीत पाळत. वर्गात परतलेल्या पोरानं पुन्हा वर गप्पा मारायला यायचं नाही, आणि खाली मॅडमनी आपणहून त्याला ओळख दाखवायची नाही. व्हरांड्यात मॅडमनी हाक मारली की बाकीची पोरं लगेच "काय भिया, ठंडे कमरे का है क्या?" म्हणून मागे लागत. तेवढ्यानं पोराचं डोकं पुन्हा तापायचं.

नियम शहाणपणाचा होता, पण मॅडमना तो फार लागायचा. ज्या पोरानं महिनाभर त्यांच्या पदराला डोळे पुसले, ज्याच्या घरी जाऊन त्यांनी बापाशी भांडण केलं, ते पोर मित्रांच्या खांद्यावर हात टाकून समोरून जायचं आणि मॅडम भिंतीवरच्या सूचना वाचत उभ्या राहायच्या. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्यानं स्वतःच तसं लिहून दिलेलं, तक्रार करणार कुणाकडे?

घरी तरी काय होतं? नवरा, नरेंद्र, देपालपूरला तहसील कचेरीत. संध्याकाळच्या बसनं दमून यायचा आणि "हाँ", "अच्छा", "एक रोटी और" एवढ्यात त्यांची रात्र होऊन जायची. माणूस देवगुणी, पण बोलणं मोजूनमापून. मुलगा नागसेन हैदराबादला नोकरीला. रविवारी न चुकता फोन करायचा, "मम्मी, खाना खाया?" असं विचारायचा. मराठी त्याला कळायची सगळी, पण उत्तर हिंदीतच यायचं, अधूनमधून इंग्रजी पेरलेलं. महूला होती ती आई, कांताबाई. तिच्याशी रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हायचं. आज भाजी काय केली, शेजारणीची सून कशी आहे, गुडघा कसा आहे, असलंच, पण ते आईच्या महूच्या मराठीत. तीन वर्षांपूर्वी आई गेली. ती गेल्यावर मॅडमच्या ध्यानात आलं की आपल्याला मराठीत उत्तर देणारं माणूस ते एकच होतं. संध्याकाळ झाली की अजूनही त्यांचा हात फोनकडे जायचा. आईची आठवण यायची ती चेहऱ्याची कमी आणि आवाजाची जास्त.

असं असताना जुलैत धम्मदीना आली.

नववी ब मधली मुलगी. आई लहानपणीच गेलेली, महूला आजीनं वाढवलेली. आजी थकली म्हणून बापानं इंदूरला आपल्याकडे आणली. घरात नवी आई होती. ती वाईट मुळीच नव्हती, पण नवी होती. पोरगी वर्गात गुमान बसायची आणि मधेच, गणिताचा तास असो की विज्ञानाचा, बॅग उचलून फाटकाकडे चालायला लागायची. कुठं चाललीस, तर "महूला." एकदा बसस्टँडवरून परत आणावी लागली. दुसऱ्या खेपेला फाटकावरच्या चिंतामणनं हात आडवा घातला, तर ती त्या हाताला कडकडून चावली. चिंतामण म्हणजे गलमिशांचा धिप्पाड गडी. तो पुढचा आठवडाभर हाताला पट्टी बांधून हिंडत होता आणि जो भेटेल त्याला पट्टी सोडून दाखवत होता.

ठंड्या कमऱ्यात आली तेव्हा धम्मदीना बॅग मांडीवर घेऊन दाराजवळ बसली. तिनं शेंगांना हात लावला नाही. मॅडमनीही आग्रह केला नाही. असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मॅडम फोनवर कुणा कारकुनावर कडाडल्या. एका पोराचा दाखला तो तिसऱ्यांदा अडवत होता. फोन आपटून त्या बसल्या तर दाराकडून आवाज आला.

"काहून एवढ्या तापता, मॅडम? जेवून घ्या आधी. राग काय पळून जातोय का?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या आईचं हे बोलणं. शब्द अगदी तेच नसतील, पण ते "काहून", ती शेवटाला वर जाणारी चाल, आधी दटावून मग पोटात घेणारी ती तऱ्हा, सगळं तिचं. तीन वर्षं ज्या आवाजासाठी त्यांचा जीव तळमळत होता तो चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून आला होता. त्यांनी डबा उघडला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

"महूची का गं तू?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मी पण."

"मग जय भीम," पोरगी म्हणाली आणि पहिल्यांदाच बॅग मांडीवरून खाली ठेवली.

त्यानंतर पोरीचं तोंड जे सुटलं ते काही थांबेना. महूच्या गल्ल्या, छावणीतला बँड, चौदा एप्रिलला कुठून कुठून येणारी माणसं आणि त्यांच्यासाठी घरोघरी चढलेली मोठाली पातेली, आजीच्या हातची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेली लसणाची चटणी. मॅडम आपल्या लहानपणचं सांगत, पोरगी आपलं सांगे, आणि दोघींचं महू बघता बघता एकच होऊन जाई. "लई शहाणी आहेस," मॅडम म्हणत. आईसारखं "लई" त्या कितीतरी दिवसांनी म्हणत होत्या. स्टाफरूममधल्या बायका म्हणायला लागल्या की पंचशीलाजी आजकल बड़ी ख़ुश दिखती हैं. दिसणारच. मॅडमना मुलगी हवी होती, ती झाली नाही. आणि आई हवी होती, ती राहिली नाही. इथं एकाच पोरीत दोघी भेटत होत्या.

पोरीचं फाटकाकडे जाणं बंद झालं. आधी ती खिडकीतून फाटक बघायची, मग तेही सुटलं. गणपती बसायच्या सुमाराची गोष्ट. मॅडम खाली टपाल आणायला गेल्या होत्या. त्या परत येतात तर खोलीत आरडाओरडा. आठवीतला बंडू, ज्यानं आयुष्यात बाक सरळ असा ठेवलाच नाही, आणि नवा आलेला एक मुलगा एकमेकांच्या कॉलरी धरून उभे. मॅडम आत शिरणार तोच त्यांना धम्मदीना दिसली. ती उठली, कुणाला ओरडली नाही, कुणाच्या मधे पडली नाही. शेंगांचं सूप तिनं दोघांच्या पायांशी आणून ठेवलं.

"आधी हात चालवा," ती म्हणाली. "तोंड नंतर चालवा. बैठ जा रे बंडू."

बंडू बसला. नवा मुलगाही बसला. धम्मदीना त्यांच्या मधे बसून शेंगा सोलायला लागली आणि दोघांपैकी कुणालाही तिनं भांडणाचं काही विचारलं नाही. मॅडम दाराबाहेर उभ्या राहून हे बघत होत्या. जी पोरगी दुसऱ्याचा राग असा उतरवते तिला वर्गात बसायला कसली अडचण? ती तयार होती. मॅडमच्या सगळ्या कारकिर्दीत इतकं तयार झालेलं पोर दुसरं नव्हतं.

शनिवारी वर्गशिक्षकांची बैठक असे. नववी ब चे वर्गशिक्षक रघुवीर सर, गणिताचे. त्यांच्या घराण्यात होळकरांच्या दरबारी कारकुनी होती, आणि सरांची मराठी अजून इस्त्री करून ठेवलेली, लग्नकार्यापुरती बाहेर निघणारी. शाळेत ते हिंदीच बोलत. माणूस सरळ.

"कैसी है अपनी धम्मदीना?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी पदराला चिकटलेलं टरफल झटकलं. "अजून वेळ लागेल, सर," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारीही हेच, आणि त्याच्या पुढच्याही. मॅडम स्वतःची समजूत घालत, पोरगी कच्ची आहे, आत्ता पाठवली तर पुन्हा पळेल. पण मनाला ठाऊक असतं सगळं. वर्गात गेली की नियमानं ती परकी होणार होती. व्हरांड्यात ती समोरून येणार आणि आपण सूचना वाचत उभं राहायचं, हे मॅडमना नको होतं. दुसऱ्या पोरांच्या बाबतीत त्यांनी ते पत्करलं होतं. या पोरीच्या बाबतीत पत्करवेना.

दिवाळी जवळ आली तसे रघुवीर सर एक दिवस स्वतःच वर आले आणि आपली ठेवणीतली मराठी बाहेर काढून बोलले, तेव्हाच मॅडमनी ओळखलं की गोष्ट गंभीर आहे.

"पंचशीलाजी, शाळेचा नियम आपणांस ठाऊक आहे. सहामाही परीक्षा वर्गात बसून दिली नाही तर मुलीचं नाव नियमित विद्यार्थ्यांतून निघेल. मग दहावी प्रायव्हेट. आणि प्रायव्हेटच्या नावाखाली मुलगी एकदा घरी बसली की घरीच बसते. किती जणी गेल्या तशा, आपण दोघांनी पाहिल्यात. वडील आत्ताच म्हणतायत, जमत नसेल तर राहू द्या, घरी छोट्या भावाला तरी सांभाळेल. सोमवारी तिला पाठवा."

मॅडम "हो" म्हणाल्या. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

सोमवारी पहिल्या तासाला धम्मदीना बॅग घेऊन खाली गेली. मॅडमनी सूप पुढे ओढलं, पण शेंग काही फुटेना. बंडूनं दोनदा काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. तास अर्धा झाला नसेल, तोच जिन्यात पावलं वाजली आणि दारात धम्मदीना उभी.

"मला नाही जमलं," ती म्हणाली. "मी वर्गात ओरडले. महूला चालले म्हणाले नि निघाले." मग आपल्या जागेवर येऊन बसली आणि शेंगा घेतल्या.

आणि पंचशीला मॅडमना आनंद झाला. थोडाथोडका नाही, जत्रेत चुकलेलं पोर सापडावं तसा. छाती भरून आली, हसू आवरेना. तो आनंद पुरता भोगायच्या आतच त्या घाबरल्या. आपण पाठवलेलं पोर हरून परत आलं, त्याची शाळा सुटायची वेळ आली, आणि आपण हसतोय! असली बाई या खोलीवर नेमलीच कशी, असं त्यांना वाटलं.

इतक्यात रघुवीर सर वर आले. त्यांच्या हातात धम्मदीनाची बॅग होती. ती त्यांनी दाराशी ठेवली आणि मॅडमना खुणेनं बाहेर बोलावलं.

"बॅग वर्गातच सोडून आली," ते हळूच म्हणाले. "पहले तो बॅगशिवाय एक पाऊल टाकत नव्हती. आणि चिंतामणला विचारलं मी. तो म्हणतो, लड़की गेट की तरफ़ आई ही नहीं. त्यानं आवाज ऐकून दोन्ही हात पाठीमागे लपवले होते बिचाऱ्यानं. ती फाटकाकडे वळलीच नाही, सरळ वर आली. मॅडम, ही महूला नव्हती पळत." एवढं बोलून ते गेले. पुढचं त्यांनी मॅडमवर सोडलं.

जेवणाच्या सुट्टीत बाकीची पोरं डबे घेऊन खाली गेली. मॅडमनी दार लोटलं आणि धम्मदीनासमोर बसल्या.

"आज तू खोटं पळालीस," त्या म्हणाल्या.

पोरीनं मान खाली घातली.

"तुला रागावत नाही मी. माझं ऐक. तू परत आलीस तेव्हा मला आनंद झाला. तो व्हायला नको होता. तू केव्हाचीच तयार आहेस, बंडूचं भांडण मिटवलंस ना, तेव्हापासून. मी सरांना सांगितलं नाही. मला तुला ठेवून घ्यायचं होतं गं. माझी चूक झाली."

"मला माहीत होतं," धम्मदीना म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही सरांना सांगत नाही ते. मी पण म्हटलं, राहू दे. राहते मी."

"काहून पण?" मॅडमच्या तोंडून आईचाच शब्द गेला.

पोरीनं एक शेंग उचलली, पण फोडली नाही. "मी गेले तर तुम्ही बोलणार कोणाशी? इथली पोरं सगळी हिंदीवाली. बाहेर तर तुम्ही ओळख पण देत नाही कुणाला. माझी आजी आहे ना, मी इकडे आल्यापासून ती भांड्यांशी बोलते. घासताना एकेका पातेल्याला नाव घेऊन बोलते. बाबांबरोबर भेटायला गेले होते तेव्हा मी पाहिलंय, दरवाज्यातून. म्हणून तर पळत होते मी महूला. मग बाबा म्हणाले, आता पळालीस तर आजीकडे पाठवणारच नाही कधी. म्हणून पळणं बंद केलं. तिला तर एकटं सोडलंच. आता तुम्हाला पण सोडू?"

इतकी वर्षं त्या या खोलीत पोरांना सांभाळत होत्या, आणि गेले कित्येक आठवडे या खोलीत एक पोरगी त्यांना सांभाळत होती. आपली शाळा पणाला लावून सांभाळत होती. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि मनसोक्त रडून घेतलं. धम्मदीनानं पाण्याची बाटली पुढे केली आणि काही विचारलं नाही. रीत तिला पाठ होती.

"हे बघ," शेवटी मॅडम म्हणाल्या, "आजीचं मी बघते. तुझ्या बाबांशी आजच बोलते. दर रविवारी तुला महूला नेलंच पाहिजे, नाहीतर त्यांना या खोलीत बसवून शेंगा सोलायला लावीन. आणि माझ्याकडे माणसं आहेत. घरी आमचे साहेब आहेत, मुलगा आहे, नागसेन."

"ते मराठी बोलतात?"

"मी बोलेन. ते ऐकतील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"नाही ऐकलं तर मीसुद्धा बोलेन भांड्यांशी," मॅडम म्हणाल्या. "पण तरी तू यायचं नाहीस. मला सांभाळणं तुझं काम नाही, धम्मदीना. तुझं काम खाली आहे. उठ."

शेवटचा शब्द परेडच्या आवाजात निघाला. पोरगी दचकली, मग हसली. ती उठली. दाराशी ठेवलेली बॅग तिनं खांद्यावर घेतली. मॅडमनी तिला जवळ ओढलं, केसांवरून हात फिरवला आणि लगेच सोडून दिलं, कारण आणखी क्षणभर धरली असती तर सोडवली नसती. "जय भीम, मॅडम," पोरगी म्हणाली आणि जिना उतरली. मॅडमनी पायऱ्यांवरची पावलं ऐकली. ती मधे कुठं थांबली नाहीत.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी वरची पोरं नेहमीसारखी खालीच रेंगाळत राहिली. नववी ब चा वर्ग ठंड्या कमऱ्याच्या बरोबर खाली. दुपारचा तास रघुवीर सरांचा, आणि जेवणानंतर पोरं पेंगतात म्हणून ते सगळ्या वर्गाकडून सूत्रं मोठ्यानं म्हणवून घेत. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खालून सूत्र सुरू झालं, अख्ख्या वर्गाचं, एका सुरात, हिंदीत. मॅडमनी कान दिला. तो शेवटाला वर जाणारा महूचा आवाज त्या शोधत होत्या. सरांनी पुन्हा म्हणवून घेतलं, मॅडमनी पुन्हा कान दिला. खिडकीतून जरा बाहेर वाकल्या, डोळे मिटून पाहिले. पण सगळ्या पोरांचा मिळून एकच आवाज झाला होता आणि त्यातून तिचा काही केल्या वेगळा निघेना.

"गेली माझी पोर," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.